उजेड खाणारं वळण

गाडीच्या तोंडावर जास्तीचे दिवे बसवून फिरणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा होता. समोरून असा कुणी आला की मी काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. म्हणून त्या संध्याकाळी मीच पिरंगुटला एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि 'जरा लांबवर जाणारे चांगले दिवे दाखवा' म्हणालो, तेव्हा शेजारी बसलेली बायको नुसती हसली. "लागली का तुलाही हवा?" एवढंच म्हणाली.

हवाबिवा काही नव्हती. मला रस्ता दिसत नव्हता.

आम्ही दोघंही लातूरकडचे. नोकऱ्या हिंजवडीत, पण तिथल्या उंच इमारतींत माझा जीव रमेना, म्हणून भरे गावात एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलेला. खाली घरमालक आणि त्यांची बायको. सगळं गाव त्यांना आबा आणि काकू म्हणतं, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. आमची मुलगी चौथीत. शाळा सुटली की ती थेट काकूंच्या चुलीपाशी जाऊन बसायची, आणि आम्ही घरी पोचेपर्यंत तिचं जेवण उरकलेलं असायचं. काकूंनी कधी त्याचा उच्चार केला नाही, आम्हीही आभारबिभार मानायच्या भानगडीत पडलो नाही. आमच्या नोकऱ्या, आमचं सगळं बस्तान खरं म्हणजे त्या चुलीवर उभं होतं.

जाण्यायेण्याचा रस्ता माण आणि घोटावडे करत. सकाळी देखणा. पण दिवाळी उलटली की दिवस आखडतो, ऑफिसातून निघेपर्यंत अंधारून येतं, आणि माण मागे पडलं की दिव्यांचे खांब संपतात. हे दरवर्षीचंच होतं. त्या वर्षीचा अंधार मात्र मला वेगळा वाटायला लागला. तो रस्त्याच्या दोन्ही कडांनी आत सरकत होता. समोर डांबराची एक पट्टी दिसायची, आणि तिच्या बाहेर काहीच नसायचं. झाडं नाहीत, बांध नाही, घरं नाहीत. त्या पट्टीत अचानक एखादा सायकलवाला उगवायचा. आधी लांबून दिसतोय, मग जवळ येतोय, असं नाहीच. नव्हता, आणि आता आहे. पुढच्या क्षणी परत नाही. एकदा डोक्यावर भारा घेतलेली बाई अशीच आली आणि गेली, आणि मी आरशात बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. माझ्या मानेवर काटा आला. बायकोला मी काही बोललो नाही. कंपनीनं गाडीला दिवे कसले दिलेत, समईच्या वाती दिल्यात, असं म्हणून मी तिच्यापुरता आणि माझ्यापुरता विषय संपवला.

इलेक्ट्रिशियन मोठा बोलघेवडा. "सर, रात्रीचा दिवस करून देतो," म्हणाला. त्यानं बंपरच्या खाली एक लोखंडी पट्टी कसली, तिच्यावर दोन गोल दिवे बसवले, बॅटरीपासून वेगळी वायर ओढली आणि स्टिअरिंगच्या बाजूला एक लाल बटण दिलं. सगळं होईस्तोवर दिवस मावळला. मग दिव्यांची तोंडं सरळ करायला त्यानं समोरच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीसमोर गाडी लावायला सांगितली. मी बटण दाबलं.

"बघा सर! ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत!"

मला भिंतीवर दोन गोल दिसले. पांढरे, लख्ख. त्यांच्या बाहेर काळं होतं. भिंत तिथे संपते की पुढे आहे, ते सांगता येत नव्हतं. बायको म्हणाली, "अगंबाई, तिकडची जाहिरातसुद्धा वाचता येतेय." कसली जाहिरात, असं मी विचारलं नाही. "झकास," म्हणालो. एवढी मोठी भिंत दिसत नाही असं चारचौघांत कोण कबूल करेल?

घरी आल्यावर काकू आरतीचं ताट घेऊनच बाहेर आल्या. या घरात नवं काहीही आलं, मग ती पाण्याची मोटर असो की मिक्सर, त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय ते चालू होत नाही. दोन्ही दिव्यांना त्यांनी बोटं टेकवली, पट्टीला लिंबूमिरची बांधली. आबा दिव्यांपुढे उकिडवे बसून न्याहाळत होते.

"लई भारी हायेत," ते म्हणाले. "पन वढ्याच्या वळनावर ह्यांचं बी काय चालायचं न्हाई."

"का?"

"ती जागा उजेड खातीय. पयल्यापासनं. माजा चुलता बैलगाडीला कंदील टांगून यायचा. सगळ्या वाटंनं बरा, आन तितं आला की बारीक. म्हसोबा हाय न्हवं तितं. म्हून तर सगळे ड्रायवर डिपर देत्यात त्याला. तुमी बी देत जावा."

घोटावड्याकडून येताना गावाच्या अलीकडे एक ओढा आहे. तिथे रस्ता वळतो, वर झाडांना झाडं भिडलीत, आणि वळणावर शेंदूर फासलेला एक दगड आहे. तिथे मला सगळ्यात कमी दिसायचं, हे अगदी खरं होतं. आबांचं बोलणं ऐकून मला भीती वाटायला हवी होती. उलट मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसलो. मी इंजिनिअर माणूस, देवळात गेलो तरी चपलेवर लक्ष ठेवून असणारा. पण उजेड खाणारी जागा असते म्हटल्यावर मला ती हवीच होती. जागा खात असेल तर दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी वळणावर म्हसोबाला न चुकता डिपर द्यायला लागलो, आणि ते मनापासून देत होतो.

दिवे बसवून थोडे दिवस झाले असतील. आम्ही दोघं परत येत होतो. वळण आलं, मी डिपर दिला, आणि माझ्या शेजारी बायकोनं हात वर करून हलवला. ओळखीच्या माणसाला करतात तसा, हसून. तिच्या बाजूच्या काचेबाहेर मिट्ट काळोख होता.

"कुणाला हात केलास?"

"आबांना."

"कुठे होते आबा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "अरे, आत्ता किटली घेऊन चालले नव्हते का? डेअरीला. तुझ्या समोरून तर गेले."

थट्टा करतेस का, मी म्हणालो. ती म्हणाली, थट्टा तू करतोयस. घरी पोचलो तर आबा घरात नव्हतेच. ते थोड्या वेळानं रिकामी किटली वाजवत आले आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

त्यानंतर हे वरचेवर व्हायला लागलं. वळण आलं की बायको हात करायची, आणि मी अंगावर शहारे घेऊन तिच्याकडे बघायचो. गोष्टींमध्ये ऐकलेलं असतं की एखाद्याला कुणीतरी दिसतं आणि बाकीच्यांना दिसत नाही. तिथे सगळे त्या एकाला वेड्यात काढतात. इथे उलटं होतं. सगळ्यांना माणूस दिसत होता, मलाच दिसत नव्हता. अशा गोष्टीत वेडं कुणाला म्हणायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी रोज ठरवायचो की आज डोळ्यांत तेल घालून बघायचं. पुढे झुकून, स्टिअरिंगला छाती लावून बघायचो. वळणावर डांबर असायचं, ओढ्याचा कठडा असायचा, शेंदराचा एक ठिपका असायचा. मग बायकोचा हात वर जायचा.

मी आणखी दोन दिवे बसवले. इलेक्ट्रिशियनला आनंदच झाला. वरच्या जाळीत बसवू या सर, वाघासारखी दिसेल, म्हणाला. गाडी वाघासारखी दिसायला लागली आणि रस्त्यावरची माणसं डोळ्यांवर हात घेऊन मला शिव्या द्यायला लागली. ज्या शिव्या मी देत आलो होतो, त्याच. चार दिव्यांनी डांबराची पट्टी दुधासारखी पांढरी झाली. तिच्या कडेचा काळोख मात्र पहिल्यापेक्षा दाट झाला. जितका उजेड ओतावा तितकं बाजूचं जग नाहीसं होत होतं. तरी ते बटण दाबल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

घरातही काहीतरी बिघडलं. आबा बोलेनासे झाले. अंगणात समोर आले तर गोठ्याकडे वळायचे. एकदा आम्ही आलो तेव्हा मुलगी वरच्या जिन्यात दप्तर मांडीवर घेऊन एकटीच बसलेली होती. "काकूंना काम आहे," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही काकूंना काम होतं. बायकोनं मला खोदून खोदून विचारलं, तू आबांना काही बोललास का? पाण्यावरून, गाडी लावण्यावरून? मी काहीच बोललो नव्हतो, आणि तेच खरं दुखणं होतं. पण ते मला कळायला आणखी एक संध्याकाळ जावी लागली.

त्या संध्याकाळी बायको ऑफिसच्या फोनवर बोलत होती, तिचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. वळणाच्या आधी मी चारही दिवे लावले. ओढ्याचा कठडा आला, शेंदूर आला, मी डिपर दिला. तेवढ्यात बायको किंचाळली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. काहीतरी पत्र्यासारखं वाजत गेलं आणि मग सगळं शांत झालं.

समोर पांढराशुभ्र रस्ता होता. रिकामा. चार दिव्यांच्या झोतात एक पानसुद्धा हलत नव्हतं. मी म्हणालो, "काय झालं? कुठे काय आहे?" आणि तेव्हा डाव्या काळोखातून एक पांढरी रेघ रस्त्यावर आली. ती आपोआप पुढे सरकत होती. डांबराच्या उतारानं वळण घेत माझ्या चाकाकडे येत होती. रुंद होत होती. मी तिच्याकडे बघत बसलो. काय बघतोय ते मला कळत नव्हतं. फक्त असं वाटत होतं की मी दार उघडलं तर ही माझ्या पायाला लागेल.

"लाईट बंद करा आदी!"

काळोख बोलला. आवाज आबांचा होता.

मी लाल बटण बंद केलं आणि खाली उतरलो. बायको माझ्याआधी धावत गेली होती. तिच्या मोबाइलच्या उजेडात आबा दिसले, कठड्याला पाठ टेकून बसलेले. एक चप्पल पायात नव्हती. गाडी त्यांना लागली नव्हती. ऐन वेळी त्यांनी बाजूला उडी टाकली होती आणि किटली हातातून सुटली होती. दूध रस्त्यावर सांडलं होतं. मी त्यांना उठवायला हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"येवढे दिवे लावून मानूस दिसंना व्हय तुमाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "रोज हात करतुया मी. रोज. बाई हात करत्यात. तुमी मान बी हलवत न्हाई. वर त्वांडावर लाईट मारताय. आमच्याच घरात ऱ्हाऊन आमालाच वळख देत न्हाई. काय चुकलं आमचं, ते तरी सांगा."

गावात रस्त्यावर ओळखीचा माणूस भेटला आणि तुम्ही हात केला नाही, तर त्याचा एकच अर्थ होतो. शहरात त्याला घाईत असणं म्हणतात. इथे त्याला माज म्हणतात. आबा रोज त्या वळणावर थांबून, किटली खाली ठेवून, मला हात करत होते. आणि मी त्यांच्या अंगावर झोत टाकून, मागच्या दगडाला डिपर देऊन, निघून जात होतो.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही मला दिसत नाही."

बायकोनं मोबाइल आबांवर तसाच धरून मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतके दिवस पोटात दाबलेलं वाक्य असं रस्त्याच्या मधोमध तोंडातून निघालं, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त मीच घाबरलो.

"आता तरी दिसतुया का?" आबांनी हळूच विचारलं.

"आता दिसता. उजेड तुमच्यावर आहे म्हणून. नाहीतर नाही."

खरं सांगतो, तिथे भूत निघालं असतं तर बरं झालं असतं. भुताला नारळ देता येतो. त्याच्या वळणावरून जायचं टाळता येतं. घर बदलता येतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एका अर्ध्या चेंडूसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत पांढरी पोकळी. हातात एक बटण दिलं. समोर बारीक ठिपके चमकतील, दिसला की दाबायचं. सुरुवातीला मधोमध दोनचार चमकले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच चमकलं नाही. मी वाट बघत बसलो. शेवटी म्हणालो, "मशीन बंद पडलं वाटतं."

"नाही सर, चालू आहे," तपासणाऱ्या मुलीनं मागून सांगितलं. "ठिपके येतायत."

मी त्या रिकाम्या पोकळीकडे बघत राहिलो. ठिपके येत होते. माझ्या डोक्याच्या चारी बाजूंनी येत होते आणि जात होते.

डॉक्टर सरळ बोलणारे होते, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी अंधारातलं जातं, मग कडा जातात, मग हळूहळू आत येतं. वेग सांगता येत नाही. चष्म्यानं भागत नाही. अंधारात गाडी चालवायची नाही, आजपासून. मी तपासणीच्या कागदाची घडी घालत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? मी नाही म्हणणार होतो. पण माझे वडील आठवले. दिवस मावळायच्या आत घरात, हा त्यांचा नियम. लग्न असो, मयत असो, ते उन्हातच परतायचे. आम्ही त्याला शिस्त समजत आलो. गावात त्यांच्या शिस्तीचं कौतुक होतं.

"मुलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक मुलगी आहे. नऊ वर्षांची."

"तिला घेऊन या. हे घराण्यातून येतं. आलंच असेल असं नाही, पण बघायला हवं."

घरी येऊन मी आधी खाली गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. मुलीचंसुद्धा. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. "आमास्नी वाटलं, मानूस माजला," म्हणाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मुलीला हाक मारून ताटावर बसवलं. माझ्यापुढेही ताट आलं. मी जेवलो. इतकं चांगलं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

बायकोनं गाडी शिकायला घेतली. चार दिवे तसेच आहेत, तिला त्यांची गरज पडत नाही. मुलीला दाखवायचं शनिवारी ठरलं होतं. पण शनिवारपर्यंत मला दम निघेना.

आदल्या संध्याकाळी गावातली वीज गेली. बायको यायची होती, काकू आत कंदील शोधत होत्या. मी मुलीला घेऊन ओट्यावर बसलो. तिचा हात माझ्या हातात होता. समोर अंगण असणार, पलीकडे गोठा, फाटक, रस्ता. माझ्यासाठी तिथे काही नव्हतं.

"आपण एक खेळ खेळू," मी म्हणालो. "इथून तुला काय काय दिसतं ते सांग."

विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की ती काय सांगेल ते खरं की खोटं, हे मला कळायचा काही मार्गच नाही. तिनं गोठा म्हटलं असतं तर मी गोठा मानला असता.

"आकाश," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि... अंधार."

"अंधार सगळ्यांनाच दिसतो," मी हसत म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "नीट बघ. अंगणात कुणी आहे का?"

ती थोडी पुढे सरकली. नीट बघतेय, हे मला तिच्या हातावरून कळत होतं. शहाणी पोर आहे, सांगितलेलं काम मन लावून करते.

"नाही बाबा. कुणीच नाही."

"अगं पोरी," समोरून, हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळून आबांचा आवाज आला, "ह्यो काय मी तुज्याम्होरं हुबा हाय."

ती दचकली. मग आबांनी लपून गंमत केली असं वाटून खळखळून हसायला लागली. आबा हसले नाहीत.